समोरासमोरचे कोपरे

व्हाइव्ह या आभासी वास्तवाच्या (व्हीआर) हेडसेटच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात बेस स्टेशनच्या दोन पेट्या कुठे लावायच्या, याबद्दल मोजकाच मजकूर असतो. खोलीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावा. जमिनीपासून दोन मीटरहून उंच, म्हणजे डोक्याच्या वर ठेवा. ३० ते ४५ अंश खाली झुकवा. दोघींमधलं अंतर पाच मीटरच्या आत असू द्या आणि दोघी एकमेकींना दिसू द्या. लोक हे वाचतात, ड्रिल मशीन काढतात आणि पत्रक खोक्यात परत टाकतात. मला मात्र हा मजकूर सावकाश, ओळ ओळ थांबून वाचावासा वाटतो. त्यात एकही शब्द जास्तीचा नाही. प्रत्येक सूचनेमागे एक हिशेब आहे, आणि तो कळल्यावर आपली रोजची खोली वेगळी दिसायला लागते.

एचटीसी आणि व्हॉल्व या दोन कंपन्यांनी मिळून २०१६ साली व्हाइव्ह बाजारात आणला. खुर्चीत बसून मान वळवायची आणि समोरचं आभासी दृश्य पाहायचं, एवढंच तोवर बहुतेकांच्या ओळखीचं होतं. आता उठून चालता येऊ लागलं, वाकता येऊ लागलं, मागे वळून एखाद्या वस्तूला वळसा घालता येऊ लागला. रूम-स्केल म्हणतात ते हेच. त्यासाठी यंत्राला डोकं आणि दोन्ही हात नेमके कुठे आहेत हे मिलिमीटरच्या हिशेबात आणि क्षणोक्षणी कळावं लागतं. हेडसेटमध्ये वेगातला बदल आणि वळण ओळखणारे सेन्सर असतात, पण त्यांची चूक साठत जाते. काही सेकंदांतच त्यांच्या लेखी तुम्ही भिंतीपलीकडे गेलेले असता. ती चूक सतत पुसत राहायला बाहेरचा आधार लागतो. कोपऱ्यातल्या पेट्या तो आधार देतात.

त्या तो कसा देतात, यात या रचनेचं पहिलं सौंदर्य आहे. ती काळी पेटी दिसते कॅमेऱ्यासारखी, पण तिला खोलीतलं काहीच दिसत नाही. ती फक्त उजेड टाकते, तोही डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त. पहिल्या पिढीच्या पेटीत दोन रोटर असतात, सेकंदाला ६० फेरे घेणारे. एक रोटर लेझरची उभी रेघ खोलीभर आडवी फिरवतो, दुसरा आडवी रेघ उभ्या दिशेने नेतो. प्रत्येक फेरीआधी पेटी एकदा लखकन चमकते. हेडसेटच्या अंगावर ३२ फोटोडायोड बसवलेले आहेत. पुढच्या बाजूला दिसणाऱ्या खळग्यांमागे तेच असतात. चमक दिसली की प्रत्येक डायोड वेळ मोजायला लागतो आणि रेघ अंगावरून गेली की थांबतो. फिरण्याचा वेग ठरलेला असल्यामुळे किती वेळ लागला यावरून रेघ किती अंशात पोचली हे कळतं. आपण कुठे आहोत हे हेडसेटकडच्या मोजमापांवरूनच कळतं. पेटीला त्याचा पत्ताही नसतो.

चार मीटर लांबच्या भिंतीवर ही रेघ सेकंदाला दीड किलोमीटर वेगाने सरकते. ध्वनीच्या चौपटीहून जास्त वेग आहे हा. म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात रेघ दीड मिलिमीटर पुढे जाते. मिलिमीटर मोजायचा तर घड्याळ त्याहून बारीक हवं, आणि आजच्या इलेक्ट्रॉनिक्सला तेवढं बारीक घड्याळ अगदी स्वस्तात जमतं. अंतर मोजणं अवघड, वेळ मोजणं सोपं, म्हणून अंतराचा प्रश्न वेळेत उतरवायचा. व्हॉल्वमधल्या अ‍ॅलन येट्स यांच्या या कल्पनेला मी मनापासून दाद देतो.

मावळात राहणाऱ्याला हे गणित अनोळखी नाही. नकाशा आणि होकायंत्र घेऊन पवन मावळातल्या एखाद्या निनावी टेकाडावर उभं राहावं. एका बाजूला तिकोन्याचा त्रिकोणी माथा, दुसरीकडे तुंगचा सुळका. दोन्ही नकाशावर आहेत, आपण नाही. दोघांच्या दिशांचे कोन घ्यायचे, नकाशावर त्या दोन शिखरांमधून उलट रेघा ओढायच्या. जिथे छेदतील तिथे आपण. किल्ल्यांना आपण दिसायची गरज नाही. भारताचा मोठा त्रिकोणमितीय सर्व्हे याच कोनांच्या विद्येवर उभा राहिला. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरुवात करणारा विल्यम लॅम्टन कोन मोजत मोजत उत्तरेकडे सरकत गेला आणि १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यामागून आलेल्या एव्हरेस्टने धुरकट हवेवर उपाय म्हणून रात्री दिवे लावून दूरच्या ठाण्यांचे कोन घेतले. अंधारात दूरवर ठेवलेला दिवा आणि त्याच्याशी होणारा कोन यांवरून जागा ठरवायची, हे काम आपल्या जमिनीवर दोनशे वर्षांपूर्वी झालेलं आहे. कोपऱ्यातली पेटी त्याच घराण्यातली आहे.

म्हणूनच पहिल्या सूचनेपाशी सर्व्हेयर अडखळेल. दोन ठाण्यांवरून एखादी जागा पक्की करायची तर दोन्ही रेघा एकमेकींना काटकोनाच्या आसपास छेदाव्यात, हा त्याचा पहिला धडा. त्या हिशेबाने पेट्या एकाच भिंतीच्या दोन टोकांना लावायला हव्यात. समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावल्या तर खोलीच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाकडे येणाऱ्या दोन्ही रेघा नकाशात एकाच सरळ रेषेत पडतात आणि छेद बोथट होतो. मग पत्रक लिहिणाऱ्यांनी सर्व्हेयरला न आवडणारी जागा का निवडली?

माणसाच्या पाठीमुळे. टेकाडावरचा होकायंत्रवाला पारदर्शक असल्यासारखा असतो. त्याच्या शरीराची सावली गणितात येत नाही. खोलीत मात्र माणूस हाच सगळ्यात मोठा अडथळा. आभासी जगात मागून आवाज आला की तो गर्रकन वळतो, दोन्ही हात छातीशी घेतो, आणि ज्या पेटीकडे पाठ झाली तिचा उजेड हातांपर्यंत पोचत नाही. दोन्ही पेट्या एकाच भिंतीवर असत्या तर दोन्हींचा उजेड एकदमच तुटला असता. समोरासमोर असल्या की एकीकडे पाठ फिरताच तोंड दुसरीकडे होतं. खरं तर एका पेटीनेही जागा ठरते, कारण हेडसेटवरचे डायोड एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे आधीच माहीत असतं, आणि बरेचसे एकदम उजळले की गणित सुटतं. दुसरी पेटी मुख्यतः सावलीसाठी आहे. ही सूचना लिहिणाऱ्यांनी खोलीत उभं राहून स्वतः वळून पाहिलेलं आहे, हे मला ‘समोरासमोर’ या एका शब्दात दिसतं. कोनाची शुद्धता आणि माणसाची सवय यांत त्यांनी सवय निवडली.

कोपऱ्यांनी जे गमावलं ते उंची परत मिळवून देते. आमच्या मावळातल्या वडगावच्या घरातली वरची खोली दहा बाय बाराची आहे. तिचा कर्ण साडेपंधरा फुटांहून थोडा जास्त, म्हणजे पावणेपाच मीटर. पाच मीटरच्या मर्यादेत जेमतेम बसणारा. (महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हेच माप आहे, आणि त्या दूरदेशीच्या इंजिनिअरांनी ही मर्यादा आपल्या खोल्या डोळ्यांसमोर ठेवून घातल्यासारखी वाटते.) पेट्या साडेसात फुटांवर लावल्या आणि माणूस मधोमध उभा राहिला, तर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर दोन्ही रेघा जवळजवळ दीडशे अंशांत भेटतात; बोथटच म्हणायच्या. हात कमरेशी आणले की तोच कोन १२० अंशांवर येतो. वस्तू उचलायला जमिनीपर्यंत वाकलं की थेट ९० अंश, सर्व्हेयरला हवा होता तसा काटकोन. सपाट नकाशात हरवलेला कोन उभ्या छेदात सापडतो. दुसऱ्या सूचनेशिवाय पहिली सूचना लंगडी पडली असती, आणि पत्रकात त्या एकमेकींच्या लगत आहेत.

उंचीचं महत्त्व कळायला मावळात लांब जायला नको. भाजे लेण्यांच्या वरच्या अंगाला लोहगड आणि विसापूर खांद्याला खांदा लावून उभे आहेत. लोहगड नावाजलेला, दरवाजांच्या साखळीने बांधून काढलेला. पण विसापूरचा माथा त्याहून उंच, आणि तिथून लोहगडाचं अंतरंग उघडं पडतं. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, आणि पाठोपाठ लोहगड त्यांच्या हाती आला. वरून पाहणाऱ्यापासून तटाच्या आडोशाला काही लपत नाही. पेटी डोक्याच्या वर नेली की तेच होतं. छातीच्या उंचीवर लावलेल्या पेटीला माणसाचं धड हा तट असतो. साडेसात फुटांवरून तिचा उजेड खांद्यावरून आत उतरतो.

तिसरी सूचना झुकवण्याची. इथे पत्रक एकच आकडा देत नाही, ३० ते ४५ असा पट्टा देतं, आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना अर्थ आहे. पेटीचा उजेड १२० अंशांत पसरतो, म्हणजे मधल्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना साठ-साठ. ३० अंश झुकवली की उजेडाची खालची कड बरोबर ओळंब्यात पडते, भिंतीला लागून थेट पायथ्यापर्यंत. त्याहून कमी झुकवली तर पेटीच्या खालची जमीन अंधारात राहिली असती. ४५ अंशांवर खालची कड भिंतीत जाते, थोडा उजेड वाया जातो, पण वरची कड अजून आडव्या रेषेच्या १५ अंश वर असते, त्यामुळे समोरची पेटी आणि उंचावलेला हात दोन्ही उजेडात राहतात. आता मधला अक्ष बघा. दहा बाय बाराच्या खोलीत साडेसात फुटांवरून ३० अंशांत सुटलेली रेघ खोलीच्या मध्यावर जमिनीपासून तीन फुटांवरून जाते, कमरेच्या उंचीवरून. ४५ अंशांत सुटलेली तिथेच जमिनीला टेकते. म्हणजे पत्रकातल्या दोन आकड्यांमध्ये मध्यावर उभ्या असलेल्या माणसाची कमर ते पावलं एवढा पट्टा आहे. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा मला एखाद्या कसलेल्या गवयाने सहज घेतलेली जागा नंतर स्वरलिपीत पाहावी तसा आनंद झाला.

आडव्या अंगालाही हेच. कोपरा ९० अंशांचा, उजेड १२० अंशांचा. दोन्ही भिंती कडेपर्यंत भरून निघतात आणि दोन्हीकडे पंधरा-पंधरा अंश उरतात. कोपऱ्यात बसवताना हाताने थोडं इकडेतिकडे झालं तरी ते पोटात घेता येतं.

भिंतीत भोकं पाडायला इलेक्ट्रिशियन आला तेव्हा त्याने पेटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"दादा, घरातच कॅमेरा लावताय? माणसांवर नजर ठेवायला?"

"कॅमेरा नाही रे. हा बघत नाही, नुसता उजेड टाकतो."

"दिसत तर काय नाय."

"तो आपल्याला दिसत नाही. त्या टोपीला दिसतो."

त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "मग भिंत हलली नाय पायजे." एवढ्या बोलण्यावर त्याने मर्म पकडलं याचं मला आजही कौतुक आहे. विटेच्या भिंतीत गिट्टी ठोकून स्क्रू आवळला, पेटीची वायर केसिंग पट्टीतून खाली आणली, प्रत्येकीला स्वतंत्र प्लग दिला. पेटीच्या आत रोटर फिरत असतात आणि आपण हललो का, हेही ती तपासत असते. प्लायवूडच्या पार्टिशनवर किंवा पुस्तकांच्या डुगडुगत्या रॅकवर ठेवली तर दार आपटलं तरी ती अस्वस्थ होते. वडगावात पुणे-लोणावळा लोकल आणि मालगाड्या दिवसभर धावतात. रुळांच्या फार जवळच्या घरांत तर बाहेरच्या भिंतीपेक्षा आतली, पायापासून उचललेली भिंत निवडणं शहाणपणाचं. पेटी स्थिरावली की तिच्यावरचा दिवा हिरवा होतो. तो अडखळत नाही ना, हे दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पाहावं.

माहितीपत्रकात नसलेलं एक पात्र आपल्या खोल्यांमध्ये हमखास असतं: छताचा पंखा. जागा उंच हवी म्हणून पेटी छताला टेकवायचा मोह होतो. दहा फुटी छताखाली दांडीवर लोंबणाऱ्या पंख्याची पाती साधारण साडेआठ-नऊ फुटांवर फिरतात. पेटी त्याच्याही वर गेली तर खोलीच्या मध्याकडे जाणारी प्रत्येक रेघ पात्यांतून गाळून येते. साडेसात फूट ही जागा पंख्याच्या खाली आणि डोक्याच्या वर, नेमकी त्या दोघांमधल्या पट्ट्यात आहे. पंखा मात्र खेळताना बंदच ठेवावा. कंट्रोलर धरलेला हात सहज तिथवर जातो.

मग आरसे. लेझरची रेघ गुळगुळीत पृष्ठभागावर पडली की परावर्तित होऊन दुसऱ्याच वेळी डायोडवर येते, आणि हेडसेटला आपण दोन ठिकाणी आहोत असं वाटू लागतं. चित्र थरथरतं, हात मध्येच उडी मारतो. मराठी घरातली खोली या दृष्टीने न्याहाळावी. लोखंडी कपाटाच्या दाराचा उभा आरसा, शोकेसची काच, देवांच्या आणि वाडवडिलांच्या फ्रेमा, टीव्हीचा पडदा, पॉलिश केलेली फरशी. सगळ्यांत वाईट कपाटाचा आरसा, कारण तो अंगभर असतो. त्यावर जुनी चादर टाकली की काम भागतं. फरशीवर सतरंजी अंथरली की दुहेरी फायदा. परावर्तन मरतं, आणि पायाला सतरंजीची कड लागली की जागेची हद्द आली हे डोळ्यांवर पट्टी असूनही कळतं. खिडकीतल्या थेट उन्हातही अवरक्त किरणं भरपूर असतात, म्हणून पडदा हवा. हेडसेटच्या भिंगांवर ऊन पडू देऊच नये. भिंगं ते एकवटून आतला पडदा जाळतात. पावसाळ्यात उन्हाची चिंता मिटते आणि ओलीची सुरू होते. लोणावळ्याइतका पाऊस वडगावात होत नाही, तरी जुलैत भिंती घामेजतात. त्या महिन्यांत हेडसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवला तर भिंगांवर बुरशी धरत नाही.

राहिली शेवटची सूचना, एकमेकींना दिसण्याची. पहिल्या पिढीत दोन्ही पेट्यांना आळीपाळीने रेघ फिरवावी लागते. दोघींनी एकदम फिरवली तर डायोडला कोणाची कोणती कळणार नाही. एकीची चमक पाहून दुसरी आपली पाळी ओळखते. मध्ये काही आलंच तर पेट्या जोडायला एक लांब वायरही मिळते, पण उंचावरून उंचावर पाहणाऱ्या दोन पेट्यांच्या मध्ये माणूस येतच नाही. म्हणजे डोक्याच्या वर ठेवण्याने हेही साधलं.

त्याच काळात ऑक्युलस रिफ्टने उलटा मार्ग धरला होता. त्यांचे सेन्सर हे खरोखरचे कॅमेरे. हेडसेट आणि कंट्रोलरवर लुकलुकणारे अवरक्त दिवे. बघणारे कॅमेरे असल्यामुळे प्रत्येकाची वायर थेट संगणकाच्या यूएसबीपर्यंत न्यावी लागे, चित्रांचा सारा भार संगणकावर, आणि नेहमीच्या मांडणीत दोन सेन्सर टेबलावर समोरच. पाठ फिरवली की हात हरवत, म्हणून खोलीभर फिरायला तिसरा सेन्सर मागे लावावा लागे. मांडणी चालायची, पण त्यात माणसाची पाठ नंतर आठवलेली आहे. व्हाइव्हच्या पेट्यांच्या रचनेत, म्हणजे लाइटहाऊसमध्ये, ती आधीपासून धरलेली आहे. मला त्यामुळेच ती श्रेष्ठ वाटते.

हे सगळं कशासाठी, तर एका साध्या सुखासाठी. गुगल अर्थ व्हीआर लावला आणि स्वतःला पुरेसं मोठं केलं की पवनेचं पाणी पावलांशी येतं आणि तिकोना गुडघ्याएवढा उरतो. वाकून त्याच्या मागे डोकावता येतं. त्या वाकण्यात जमीन जराही हलत नाही, डोंगर जागचा ढळत नाही. ढळला असता तर क्षणात सगळं चित्र होऊन गेलं असतं. तो स्थिरपणा भिंतीतल्या त्या चार स्क्रूंनी दिलेला असतो.

पुढे बाहेर काही न लावता चालणारे हेडसेट आले. २०१९ साली आलेल्या ऑक्युलस क्वेस्टच्या अंगावरच कॅमेरे आहेत आणि ते खोली पाहून जागा ओळखतात. ज्याला खोली मोकळी ठेवता येत नाही, भाड्याच्या भिंतीला भोक पाडता येत नाही, त्याने तसाच हेडसेट घ्यावा. त्यात दोन उणिवा राहतात. हात पाठीमागे किंवा चेहऱ्याला अगदी खेटून गेले की कॅमेऱ्यांना ते दिसत नाहीत, आणि कोऱ्या, एकाच रंगात रंगवलेल्या भिंतींच्या मंद उजेडातल्या खोलीत कॅमेऱ्यांना धरायला फारसं काही नसतं. लाइटहाऊसला अंधारही चालतो. व्हॉल्वच्या दुसऱ्या पिढीच्या पेट्या २०१८ साली व्हाइव्ह प्रो या हेडसेटबरोबर आल्या. त्यांत एकच रोटर आहे, रेघा तिरप्या आहेत, आणि प्रत्येक पेटी आपली ओळख किरणातच मिसळून पाठवते, त्यामुळे एकमेकींना दिसण्याची अट गेली आणि चार पेट्यांनी दहा बाय दहा मीटरची जागा व्यापता येऊ लागली. मोठ्या हॉलसाठी ते ठीक. दहा बाय बाराच्या खोलीला जुन्या दोन पेट्या पुरतात. सेकंडहँड मिळाल्या तर घ्याव्यात. फक्त आधी कोपरे ठरवावेत आणि मग सामान लावावं. आरशाचं कपाट आड येत असेल तर ते दुसऱ्या खोलीत न्यावं.